लाल कोंबडा छपरावर

लाल कोंबड्याची मान ओंडक्यावर आडवी होती, मी कुऱ्हाड उचलली होती, आणि तेवढ्यात आस्गरने हात मागे ओढले. कोंबडा त्याच्या हातातच राहिला. कुऱ्हाड ओंडक्यात रुतली.

येथे मला थांबवून आधी नाव-गाव सांगण्यास सांगण्यात आले.

मी राग्ना टॉफ्ट, वय सत्तेचाळीस वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार नोर व्हांग, जटलंड, या ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व्हिलाड्स, मुलगी एल्सेबेथ आणि पतीचा धाकटा भाऊ आस्गर असे राहतो. आस्गर चाळिशीचा आहे. तो जन्मापासून अर्धवट आहे. सांगितले तेवढेच त्याला कळते. एकदा दाराकडे लक्ष ठेव असे सांगून आम्ही बाजाराला गेलो होतो. परत आलो तेव्हा तो दाराकडे बघत बसला होता आणि गाई कोबीत शिरल्या होत्या.

माझ्या सासऱ्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले आहे की, गोठ्याला लागून असलेली खोली आणि दोन वेळचे जेवण आस्गरला हयातभर द्यावे. मात्र घरादाराला त्याच्यापासून धोका उत्पन्न झाल्यास हे बंधन राहणार नाही. ही अट मी आज वाचली असे नाही. ती मला पाठ आहे.

आमच्याकडे अकरा कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. अकरा कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ होतो. दोन असले की कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात. हिवाळ्याआधी एक कमी करायचा असे ठरले. पांढरा कोंबडा पाद्रीबाईंकडच्या अंड्यातून निघालेला, अंगाने भारी आणि शांत होता. लाल कोंबडा पिल्लू असताना आस्गरने त्याला शर्टाच्या आत ठेवून वाढवले होते. त्या पिल्लाला त्याची आई चोचीने मारत असे. लाल कोंबड्याने उन्हाळ्यात माझ्या पोटरीत पायाचा काटा मारला होता. व्रण आहे. दाखवण्याची गरज नाही असे हवालदारसाहेब म्हणाले.

शनिवारी दुपारी एल्सेबेथचे होणारे सासू-सासरे आले. त्यांच्यासाठी कोंबड्याचा रस्सा करायचा होता. कॉफी अंगणातच दिली, कारण ऊन होते. कोणता कोंबडा ठेवायचा यावर तिथे बोलणे झाले. ते असे:

आस्गर म्हणाला, "वहिनी, जव टाका. दोघांपुढं टाका आणि बघा."

मी मूठभर जव टाकले. पांढरा खाऊ लागला. लाल कोंबड्याने दाणा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि घशातल्या घशात आवाज करून कोंबड्यांना बोलावले. त्या आल्या. त्या खात असताना तो बाजूला उभा राहिला.

"बघितलंत? पांढरा आधी स्वतः खातो. लाल बायकांना वाढतो."

माझे पती म्हणाले, "मग या घरात आधी मलाच कापायला हवं."

व्याही हसले. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगावर रश्शापुरतं तरी आहे का?" तेव्हा सगळेच हसले. आस्गरही हसला, कारण सगळे हसत होते. त्याला वाटले, लाल ठेवायचे ठरले.

मी सांगितले की लाल कापायचा आणि तूच धरायचा. त्यालाच का सांगितले, असे विचारण्यात आले. त्याच्या हातात तो कोंबडा फडफडत नसे. दुसऱ्या कोणी धरला असता तर पाहुण्यांच्या कपड्यांवर रक्त उडाले असते. आस्गर नाही म्हणाला नाही. त्याने कोंबड्याला ओंडक्यापर्यंत नेले, मान स्वतः आडवी केली, आणि डोळ्यांवर हात धरला. स्वतःच्या नाही, कोंबड्याच्या. पुढचे मी सुरुवातीला सांगितले आहे.

मी म्हणाले, "आण तो इकडे."

"नाही."

"आस्गर, या अंगणात त्याला जागा नाही."

तेव्हा तो सर्वांसमोर म्हणाला, "अंगणात नाही ना? मग मी लाल कोंबडा तुमच्या छपरावर बसवीन."

हे शब्द जसेच्या तसे आहेत. व्याह्यांनी कप खाली ठेवला. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. लाल कोंबडा छपरावर बसवणे म्हणजे काय, असे मला विचारण्यात आले. आमच्याकडे त्याचा अर्थ घराला आग लावणे असाच होतो. हवालदारसाहेबांनाही तो ठाऊक आहे. कागदावर यावा म्हणून विचारले, असे ते म्हणाले. आमचे छप्पर गवताचे आहे.

त्यानंतर आस्गर आणखी काही बोलल्याचे मी ऐकले नाही. "तिथं तुमचा हात पोचणार नाही" असे तो म्हणाला, असे एल्सेबेथचे म्हणणे आहे. एल्सेबेथ तेव्हा सासूबाईंची समजूत घालत होती. तिचे सगळे लक्ष तिकडे होते.

आस्गर कोंबडा काखेत घेऊन गोठ्यामागे निघून गेला. रस्सा झाला नाही. खारवलेले डुकराचे मांस वाढले.

पाहुणे गेल्यावर मी चूल साफ केली. कोंबड्यांना राखेत लोळायची सवय असते, त्याने पिसवा मरतात. त्यासाठी खुराड्याच्या कोपऱ्यात एक लाकडी खोके ठेवलेले आहे. दर शनिवारी मी त्यात ताजी राख टाकते. त्या दिवशीही टाकली. राख गार होती का, या प्रश्नावर सांगते की, मी नेहमी गार राखच टाकते. चूल किती वेळ चालू होती, या प्रश्नावर सांगते की, पाहुण्यांसाठी भाजणे होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चालू होती. मग मी कोंबड्या मोजून आत घेतल्या आणि कोल्ह्याच्या भीतीने खुराड्याच्या दाराला बाहेरून कडी घातली. लाल कोंबडा त्यांत नव्हता. त्याच्याबद्दल मी विचारले नाही.

अंधार पडायच्या सुमारास खुराडे पेटलेले दिसले. आग खालून धरली होती, राखेच्या खोक्याच्या बाजूने. शेजारी बादल्या घेऊन धावले. कडी तापली होती, कोणाला हात लावता आला नाही. अकरा कोंबड्या आणि पांढरा कोंबडा आत होते. आवाज फार वेळ आला नाही. वारा शेतांकडे वाहत होता म्हणून घर वाचले.

मी घराच्या मागच्या बाजूला गेले, तेव्हा भिंतीला शिडी लावलेली होती आणि आस्गर तिच्यावरून उतरत होता. त्याच्या हातात काही नव्हते. बाह्या काजळीने भरल्या होत्या. काजळी धुराड्याला हात लावल्यानेही लागते, असे माझ्या पतींनी नंतर म्हटले. मी त्याला शेजाऱ्यांसमक्ष विचारले, "वर काय केलंस?"

तो म्हणाला, "बसवला, वहिनी."

हे सर्वांनी ऐकले. शेजाऱ्यांनी त्याला धरले. त्याने विरोध केला नाही. झडतीत आगपेटी मिळाली नाही. सुतळीचा तुकडा मिळाला. तो सारखा वर बोट दाखवत होता. त्याला मारू नका असे मी सांगितले नाही, पण मारा असेही सांगितले नाही.

आस्गरला त्या शब्दांचा दुसरा अर्थ माहीत नसावा, असे पतींचे मत आहे. पतींनी ते येथे येऊन सांगावे. मी निघताना ते गोठ्यात होते. हाक मारली, आले नाहीत.

लाल कोंबडा कुठे आहे, असे विचारण्यात आले. मला माहीत नाही. तो या तक्रारीचा विषय नाही.

येथे येण्यापूर्वी मी आस्गरच्या खोलीतील गादी बाहेर काढून ठेवली आहे आणि जमीन धुऊन घेतली आहे. वसंतात एल्सेबेथचे लग्न आहे. जावई इथेच राहणार आहेत. मृत्युपत्रातील अट मी वर सांगितली आहे. माझी तक्रार आस्गर टॉफ्टविरुद्ध आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. "बसवला, वहिनी" यातील शेवटचा शब्द काढावा, असे मी सुचवले. तो बोलला गेला असल्याने काढता येत नाही, असे सांगण्यात आले. माझी हरकत नाही. सही केली आहे.

राग्ना टॉफ्ट

ठाणे अंमलदाराची नोंद: आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आस्गर टॉफ्ट यास वेड्यांच्या इस्पितळाच्या गाडीतून नेण्यात आले. गाडी वळणाआड गेल्यावर टॉफ्ट यांच्या घराच्या आढ्यावरून कोंबडा आरवल्याचे शेजाऱ्यांनी ऐकले. कोंबडा लाल होता. त्याचा एक पाय सुतळीने धुराड्याला बांधलेला होता, सैल, आणि पुढ्यात जव होते. राग्ना टॉफ्ट यांनी शिडी लावून तो उतरवला व ओंडक्याकडे नेला. पतीने धरण्यास नकार दिला. धरणारे कोणी नसल्याने कोंबडा बराच वेळ फडफडला.