सतरा बायांची मोहफुले बेरजेत न आल्याबाबत

दि. ११ एप्रिल २०२५
नाव ललिता यादव तायडे, वय ५२ वर्षे, धंदा ग्रंथपाल, रा. फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव.

मी समक्ष हजर राहून सांगते की, हा जबाब सातपुड्याच्या पायथ्याला मोहफुले वेचणाऱ्या सगळ्या बायांच्या वतीने आहे; मीही त्यांच्यातच वाढले. कागद आणि माल जुळला नाही की आधी आम्हालाच चोर ठरवतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

परवा महिला गटाचे सचिव सुकलाल यांनी गोदाम सांभाळणाऱ्या दिवालीबाईविरुद्ध तक्रार दिली. संगणकात १८४० किलो फुले, गोदामात २४५२. वरची ६१२ किलो चोरीची, असे त्यांचे म्हणणे. पोलिसांनी गोदामाला सील ठोकले.

आज सकाळी अकरा वाजता याच ठाण्यात मी गटाचा संगणकावरचा तक्ता उघडायला लावला; ग्रंथालयात असे तक्ते मी रोज ठेवते. नोंदी करणारी मोनाली हजर होती. बाकीचे आकडे चौकटीत उजवीकडे होते, सतरा आकडे डावीकडे. त्या सतरांपुढे 'किलो' लिहिले होते. चौकटीत अक्षर आले की बेरजेचे सूत्र तो आकडा शब्द समजून सोडून देते.

मोनाली म्हणाली, "दिवालीअक्कानीच लिहायला लावलं."

दिवालीबाई म्हणाली, "मंग! नुसता आकडा कशाना? किलोना का पायलीना? मागला साल व्यापारीनी पायलीना आकडा किलोना समजीसन मोजा. मना पाडानी सतरा बायास्ना पुढे किलो लिखाले मीच सांगं."

मोनालीने सतरा ठिकाणचा 'किलो' पुसून वर मथळ्यात एकदाच लिहिला. बेरीज २४५२ झाली. मोनालीने टाळी वाजवली.

अंमलदारांनी विचारले, "मग चोर कोण?"

"तो किलो शे, साहेब. त्याले कोंडा," दिवालीबाई म्हणाली. सगळे ठाणे हसले. शेवटी सुकलालही हसले आणि म्हणाले, "अक्का, चुकलं मनं."

"चुकनं तर चुकनं, भाऊ. पन चोर म्हनाना पहिले एकदाव इचारतास तर?"

सुकलाल यांनी तक्रार मागे घेतल्याचे माझ्यासमोर लिहून दिले.

एवढा मजकूर अंमलदारांनी मोठ्याने वाचला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, पण शेवटी एक ओळ मी मागून वाढवायला लावली, ती अशी: साहेब, बाया आत्ता टोपल्या भरून गोदामापुढे बसल्या आहेत, तुम्ही जेवायला जाण्याआधी ते सील काढा.