शनिवारचं कुलूप

गोदू: हिरवी वायर अर्थिंगची. तिला आता हात नको लावू.

केतन: "वगळावा." "वगळावा." "ठेवावा, पण कशाच्या आधारावर?"

एफ्रात: आज सूर्य किती वाजता मावळतो?

गोदू: टेस्टर दे हिकडं. पंखा बंद कर.

केतन: "स्वतंत्र स्रोत आढळले नाहीत."

(शुक्रवार दुपार. पनवेल, एसटी स्टँडमागे, वायरमन घडवणाऱ्या आपटेकर तंत्र महाविद्यालयाचा एकुलता वर्ग. एफ्रात आपटेकर प्राचार्य, गोदू शिक्षिका. केतन नेटवरच्या ज्ञानकोशाचा संपादक, मोबाइलमधून वाचतो आहे.)

एफ्रात: "वगळावा" म्हणणारे हे कोण?

केतन: आमचेच संपादक, मॅडम. एक नागपूरचा, एक दुबईला असतो. तुमच्या कॉलेजवरचा लेख ठेवायचा की काढायचा, त्यावर चर्चा चाललीय. उद्या रात्री ती बंद होईल. निर्णय मी टाकायचा.

गोदू: दुबईवाला कधी आलता आमचं कॉलेज बघाया?

केतन: न आलेलाच बरा, ताई. ज्याचा संबंध नाही त्याचं मत धरतात. लेख रियाने लिहिला. ती इथेच शिकलेली, म्हणून शंका.

गोदू: रिया माझी पोरगी. मग लिवनार कोन? ज्याला आमी म्हाईत नाय तो?

केतन: जवळपास तसंच.

गोदू: चांगला हाय तुमचा धंदा.

केतन: धंदा नाही, फुकट करतो. पोटासाठी बँकेत आहे.

एफ्रात: स्रोत नाहीत कसे? तीन पेपरांत आलंय आमच्यावर.

केतन: तिन्हीकडे एकच, "पनवेलमध्ये बोगस कॉलेज". एकाने छापलं, दोघांनी उचललं.

एफ्रात: आणि नंतरचा खुलासा?

केतन: चार ओळींचा. त्याला आम्ही ओझरता उल्लेख म्हणतो. धरत नाही.

एफ्रात: म्हणजे खोटं अर्धं पान छापलं की तो पुरावा.

केतन: नियम मी केलेला नाही.

गोदू: चालवता तर तुमीच. ऐका, साहेब. विमानतळाकडं एका ठेकेदारानं रियाला कामावर घेतलीच होती. मग त्यानं मोबाइलवर कॉलेजचं नाव टाकलं. बोगस, बोगस, बोगस. म्हनला, राहू दे तुझं सर्टिफिकेट. म्हनून पोरीनं लेख लिवला. तो काढलात तर त्या नावाखाली काय उरतं?

केतन: ठाऊक आहे. म्हणून तर आलो. नाहीतर घरी बसून बटण दाबलं असतं.

एफ्रात: बोगस का म्हणाले, ते ठाऊक आहे?

केतन: बातमीदार आला तेव्हा दाराला कुलूप होतं. फोटो आहे.

एफ्रात: असणारच. शनिवारी आला होता. आम्ही शनिवारी बंद, रविवारी चालू. वडिलांनी कॉलेज काढलं तेव्हापासून.

केतन: शनिवारी का?

गोदू: पनवेलचेच ना तुमी? बाई बेने इस्रायल हायत, कोकणातल्या ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनवार संपेस्तोवर काम बंद.

एफ्रात: पणजोबांचा आपटा गावात तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल मोकळा. गावाने नावच पाडलं, शनवार तेली. गावाला कळत होतं.

केतन: हे लेखात हवं. फक्त स्रोत…

एफ्रात: मी.

केतन: तुम्ही चालत नाही. मीही नाही. समोर वर्ग भरलेला बघतोय, पण माझं बघणं धरत नाहीत. एक मार्ग आहे. माझा मित्र हरेश मोठ्या पेपरात आहे. सगळी हकीकत छापायला तयार आहे, फोटोसकट. संध्याकाळपर्यंत नेटवर येईल. की लेख टिकला.

एफ्रात: बोलवा की.

केतन: तो उद्याच येऊ शकतो.

गोदू: उद्या शनवार.

केतन: तासाभराचा प्रश्न आहे.

एफ्रात: चर्चेची मुदत वाढवा.

केतन: दोनदा वाढवली. मॅडम, एकच शनिवार.

एफ्रात: भाऊ इस्रायलला गेला, हैफाला. चुलतेही तिकडेच गेले. जाताना सगळे सांगत होते, तिथे शनिवार पाळणं सोपं आहे. मी म्हटलं, सोपा मला नको. मी पनवेलात पाळीन.

गोदू: मी उघडते, बाई. मला कसला शनवार? किल्ली माझ्याकडंच असते.

एफ्रात: उघड.

गोदू: तसं नाय…

एफ्रात: पोरगी तुझी आहे, गोदू. मी घरी असेन. मनात काही ठेवणार नाही.

केतन: मग अकराची वेळ देतो त्याला.

गोदू: थांबा जरा. उद्या तो दार उघडं बघनार. पोरं खास बोलावून बसवलेली. त्याचा फोटो. आनि मग आमी खरे?

केतन: छापून आलं की, हो.

गोदू: पयला आला त्यानं खरं कुलूप बघितलं. ह्याला मी खोटं दार दाखवू? नाय उघडनार.

केतन: ताई, रियाचं काय?

गोदू: तिला मी सांगेन. तिची पनजी चिरनेरची. जंगल सत्याग्रहात कोयता घेऊन रानात घुसली होती, परवानगी कुनाची इचारली नव्हती. पोरगी दुसरं काम शोधेल. आनि त्या ठेकेदाराला मीच जाऊन इथं आनते. रविवारी.

केतन: मला "वगळावा" लिहावं लागेल.

एफ्रात: लिहा. त्यापुढे कारणही लिहा.

केतन: काय लिहू?

एफ्रात: शनिवारी बंद असतं.

केतन: हे कारण कोणी मानणार नाही.

एफ्रात: तुमच्या नावाने लिहा. बघू कोण खोडतं.

केतन: …लिहितो.

गोदू: ती बोगसची बातमी रविवारी छापून आली ना, त्याच सकाळी आमचा वर्ग भरलेला होता.