काकांचं ‘चालेल’

हॅलो? …कोण, चिमे? …अगं हळू बोल, एक अक्षर कळत नाहीये. रडतेयस की धावतेयस? …बरं, आधी बस. बसलीस? कशावर? …पिठाच्या पोत्यावर तर पोत्यावर, पण बस.

हं, आता बोल. …कोण सोडून चाललं? …भट्टीवाले काका? …अगं पण बेकरी तुमच्या तिघांची ना! तू, तुझी जाऊ आणि ते. भागीदार असा उठून जातो होय? …किल्ली? …किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत येईन. बस्स? आणखी काही नाही?

…हो, हो… अगं ऐक ना… ऐक. काका गेले तर पाव कोण भाजणार, हे कळतंय मला. तू बिस्किटं करतेस, ती केक सजवते, भट्टीत हात घालायची दोघींनाही भीती. बेकरीला टाळं लागेल, ठाऊक आहे. म्हणून तर विचारतेय, झालं काय?

…काहीच झालं नाही? चिमे, काही झाल्याशिवाय माणूस किल्ली ठेवत नाही.

…बैठक? कालची? …मी शिकवलं तशीच घेतलीत? …वाळूचं घड्याळ उलटं करून प्रत्येकाला सारखा वेळ… छान. कुणी आवाज चढवला नाही… उत्तम. तू जावेला टोमणा मारला नाहीस? …बाई बाई, नवलच आहे! …अगं, चेष्टा करतेय. मी पहिल्यांदा येऊन बसले होते तेव्हा तुम्ही दोघी एकदमच बोलत होतात आणि एकीलाही दुसरीचं ऐकू येत नव्हतं. त्या मानाने पुष्कळ सुधारलात.

मग शेवटी बोटं दाखवलीत? आपली चर्चा कशी झाली, एक ते पाच? …तू पाच. जाऊबाई पाच. आणि काका? …तेही पाच. हं. …डोळे मिटून ना? …का? …हसू येतं म्हणून? अगं चिमे! डोळे मिटायला मी काय गंमत म्हणून सांगितलं होतं? तुम्ही दोघींनी पंजे नाचवले, मग तिसऱ्याने दोन बोटं दाखवून वाईटपणा कशाला घ्यायचा?

…नाही, रागावले नाही. …अहो, तेवढा दुधाखालचा गॅस बारीक करता का? …नाही गं, तुला नाही, यांना. …चिमीचा फोन आहे हो! सांगते नंतर!

हां, बोल. बैठकीत विषय काय होता? …विजेची नवी भट्टी घ्यायची, की लाकडाची जुनीच ठेवायची. …आणि ठरलं, जुनीच ठेवायची. …काकांसाठी? …हो, कळलं. उभा जन्म त्या भट्टीपुढे गेला, त्यांचा जीव आहे तिच्यात, म्हणून तुम्ही दोघींनी मन मोठं करून… हो गं, कौतुक आहेच. पण काका काय म्हणाले?

…‘चालेल.’

आणखी? …त्यांची वाळू संपेपर्यंत नुसतं ‘चालेल’? …मग उरलेला वेळ कोण बोललं? …तू.

…मी कुठे हसले? …बरं, हसले. मागच्या वेळी मी कोपऱ्यात बसून कोण कुणाचं बोलणं तोडतं ते बघत होते, आठवतं? काकांनी ‘हो, पण’ म्हटलं रे म्हटलं की तू सुरू. ‘म्हणजे काका, तुम्हाला असंच म्हणायचंय ना,’ करून त्यांचं वाक्य तूच पुरं करतेस. प्रेमानेच करतेस, नाही म्हणत नाही मी. पण त्यांना काय बोलायचं होतं ते राहूनच जातं गं.

…तुला तेव्हाच सांगितलं होतं. …सांगितलं होतं! तू तेव्हाही मध्येच बोलत होतीस.

काका कुठे आहेत आत्ता? …भट्टीशी? एकटेच? मग जा. …आत्ता म्हणजे आत्ता. …काय विचारू म्हणजे? विचार, ‘काका, काल तुम्हाला काय सांगायचं होतं?’ एवढंच. आणि मग गप्प. …नाही, समजूत घालायची नाही. ‘तुम्ही गेलात तर आमचं कसं होणार,’ हेही नाही. …ते गप्प राहिले तर तूही गप्प राहा. …कितीही वेळ. …नाहीच राहवलं तर जीभ दातांखाली धर. लहानपणी बाबा रागावले की धरायचीस ना, तशी.

फोन बंद करू नकोस, ठेव तसाच भट्टीजवळच्या ओट्यावर. …नाही, मी बोलणार नाही मध्ये. माझ्या बहिणीची शपथ. …हो, तुझीच. जा.

…

अहो, शू! हळू ठेवा ते भांडं. …चिमी काकांना विचारायला गेलीय. …विचारलं. …काही नाही, गप्प आहेत. …तीपण! अहो, आपली चिमी गप्प आहे! …शू…

…अजून गप्प. नुसती लाकडं तडतडताहेत. …बोल बाई आता काहीतरी… नको, नको, बोलू नकोस… मलाच धीर धरवत नाहीये.

…बोलले! …थांबा हो, ऐकू द्या. …धूर म्हणताहेत. धुराने छाती भरते… डॉक्टरांनी बजावलंय, धुरापासून लांब राहा म्हणून… अगं बाई! …खोकला आला की मागच्या दारी जाऊन खोकतात, या दोघींना कळू नये म्हणून. …अहो, त्यांना विजेचीच भट्टी हवी होती! …आणि या दोघी इतक्या मायेने बोलल्या की ‘नको’ म्हणायची त्यांना लाज वाटली. म्हणताहेत, तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय, मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? त्यापेक्षा आपणच बाजूला व्हावं.

…हो, रडतेय मी. मग? एवढीशी गोष्ट, आणि माणूस चालला होता सगळं सोडून.

…हां चिमे, ऐकलं मी सगळं. …आता तू रडू नकोस. …मला काय विचारतेस कुठली भट्टी घ्यायची ते? मी जन्मात एक पाव भाजलेला नाही. काकांना विचार. जावेला हाक मार आणि तिघं बसा. …हो, लावा वाळू हवी तर. आणि शेवटी बोटं, डोळे मिटून. …मग बघायचं कुणी? अगं वेडाबाई, सगळ्यांची बोटं वर झाली की उघडायचे डोळे!

…आली का जाऊबाई? …बरं… हॅलो? …चिमे?

ठेवला वाटतं फोन परत ओट्यावर. …जाऊबाई विचारतेय, विजेची घेतली तर जुनी भट्टी पाडायची की तशीच राहू द्यायची. …काका सांगताहेत काहीतरी… आणि झालं, आमची बाई सुरू! ‘म्हणजे काका, तुम्हाला असंच म्हणायचंय’… अरे देवा.

…अं? …अहो, ऐकलंत? काकांनी तिला थांबवलं! ‘थांब गं जरा, माझं व्हायचंय अजून,’ म्हणाले! चांगलं मोठ्याने! …आणि थांबली की ती!

…चिमे, मी ठेवू का गं? …हॅलो? …हॅलो?

कुणाचं लक्षच नाही माझ्याकडे. …बरं झालं. ठेवते. …ठेवते हो.