माझं लहानपण दीपेशने नेलं

...आणि वर मलाच म्हणतात, प्रगती, जरा मन मोठं ठेव. किती मोठं ठेवू? मापं तरी सांगा ना कुणी.

नाही, तुम्हीच सांगा, माणसाचं काय काय चोरीला जातं? चप्पल जाते, मोबाईल जातो, एसटीत रुमाल टाकून धरलेली खिडकीची जागा जाते, ती तर रोजच जाते. पण कुणाचं लहानपण चोरीला गेलेलं ऐकलंय? तुम्हाला सांगते, माझं गेलं. दिवसाढवळ्या गेलं, टाईप होऊन गेलं, आणि वर्गात सगळ्यांनी त्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, ते पुढे येईल.

मी सायवनची. डहाणूला कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट, म्हणजे मागच्याच उन्हाळ्याची. गणिताच्या वर्गात आम्ही अकरा जण, त्यातले नऊ जण केमिस्ट्रीत जागा मिळाली नाही म्हणून आलेले आणि दोघंच स्वतःच्या पायांनी चालत आलेले, एक मी आणि एक दीपेश. दीपेश डहाणूचाच. त्यांची चिकूची वाडी आहे, बंगला आहे, बंगल्याला आतून गोल जिना आहे. पोरगा वाईट नाही हो, हेच तर दुखणं आहे, वाईट असता तर मी सावध नसते राहिले?

तर जानेवारीत आमचे संदीप सर एक कागद घेऊन वर्गात आले. पुण्याला एका मोठ्या संस्थेत उन्हाळ्यात चार आठवड्यांचं शिबिर, गणितातलं संशोधन, राहणं-खाणं त्यांचं. मागून एक जण म्हणाला, "सर, गणितात कसलं संशोधन? नवीन पाढा काढायचा का?" सर म्हणाले, "ज्यांना जायचंय त्यांनी अर्ज भरा, ज्यांना विनोद करायचेत त्यांनी इथेच राहा." अर्ज भरले दोघांनी. कोण दोघं ते तुम्हाला कळलंच.

अर्जात मार्क लिहायचे, सरांचं शिफारसपत्र जोडायचं, आणि एक पान स्वतःबद्दल, तुम्हाला गणित का करावंसं वाटतं. मी म्हटलं, हे तर सोपं. लहानपणी मला नागली, म्हणजे नाचणी, राखायला बसवायचे. शेतात मचाण, मचाणावर मी, हातात गोफण, आणि गोफणीसाठी बाबांनी आणून ठेवलेला दगडांचा ढीग. पाखरं आली की दगड मारायचा, एवढंच काम. पण मी दगड मारायच्या ऐवजी मांडत बसायचे. सहा दगडांच्या दोन सारख्या ओळी होतात, आठाच्या होतात, नवाच्या तीन होतात. सातांच्या होतच नाहीत, एकच लांब ओळ राहते. तिसरीत होते मी, सात दगड दिवसभर फिरवले, होईना म्हणून रडले. तेवढ्यात पाखरं नागली खाऊन गेली. बाबांनी विचारलं, "काय केलंस दिवसभर?" मी म्हटलं, "सात वाटलेच जात नाहीत." ते बिचारे इकडे तिकडे बघत होते, कुठले सात, आणि कोणाला वाटायचेत.

हे सगळं मी लिहिलं, आणि सरांना दाखवलं. सरांनी लाल पेनाने वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली. "अगं, हे दगड, पाखरं, रडणं... तिथे मोठमोठी माणसं वाचणार. जरा स्टँडर्ड लिही." मग त्यांनीच सांगितलं आणि मी लिहिलं, गणित ही सर्व विज्ञानांची राणी आहे, मला लहानपणापासून तिची आवड आहे. राणी आत आली आणि मी बाहेर गेले. पण सर मोठे, सर शिकलेले, मी म्हटलं, बरं.

आता दीपेशला हे दगड कुठून कळले? मीच सांगितले ना. अर्ज पाठवायच्या आधी तलासरीला गणिताची स्पर्धा होती, कॉलेजतर्फे आम्ही दोघं गेलो होतो. येताना हायवेवर एसटी बंद पडली, दीड तास आम्ही रस्त्याकडेला बसून, समोरून अहमदाबादचे ट्रक जातायत. माणूस दीड तास काय बोलणार? मी मचाण सांगितलं, गोफण सांगितली, सात सांगितले. तो म्हणाला, "भारी आहे गं हे." मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला पुढचंही सांगितलं, चौरसांचं. एक दगड ठेवायचा, त्याच्याभोवती तीन लावले की चारांचा चौरस, मग पाच लावले की नवांचा, मग सात लावले की सोळांचा. विषम आकडे ओळीने लावत जा, चौरस मोठा होत जातो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मचाणावरून पडले होते. तेही सांगितलं, सरांची रेघ आणि राणीही सांगितली. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही.

एप्रिलमध्ये निकाल लागला. दीपेशची निवड झाली, माझी नाही. ठीक आहे म्हटलं, होतं असं. पण सर वर्गात आले ते हातात दीपेशचं ते एक पान घेऊन. "बघा," म्हणाले, "असं लिहायचं असतं." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. मूळ इंग्रजीत होतं, सर आम्हाला समजावं म्हणून मराठीत सांगत होते. एका डोंगराळ गावात, नागलीच्या शेतात, मचाणावर एक मुलगा बसायचा...

तुम्हाला खरं सांगते, माझ्या मनात आधी काय आलं माहितीये? मला वाटलं, अय्या, ह्यांच्याकडेही नागली? इतकी मी बावळट. मग गोफण आली. मला वाटलं, किती सारखं आयुष्य असतं माणसांचं. मग सात दगड आले, आणि सातांची जोडी होईना म्हणून तो मुलगा रडला. तेव्हा माझे कान तापले. दगड ने रे, डोंगर ने, पण माझं रडणं? आणि शेवटी सरांचा आवाज एकदम जड झाला, "अशातच वडिलांचं छत्र हरपलं." वर्गातल्या दोन मुलींनी डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून मीही वाजवल्या, आणि डोक्यात एकच, माझ्या बाबांनी आज सकाळी मला स्टँडवर सोडलंय.

दीपेशला पार्किंगमध्ये गाठलं. मी म्हटलं, "हे काय?" तर तो म्हणतो, "अगं, तू कुठे वापरणार होतीस? तू तर राणी लिहिलंस."

"म्हणून माझे बाबा मारलेस?"

"ते... जरा इमोशनल हवं होतं शेवटी. आणि माझे वडील कसे मारू? ते वाचणार होते अर्ज."

मी तशीच सरांकडे गेले. म्हटलं, सर, तुम्ही स्वतः रेघ मारली होती ह्यावर. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. म्हणाले, "तुझ्या लिहिण्यात तेवढा परिणाम नव्हता गं." मग हळू म्हणाले, "चूक झाली माझी. पण आता तक्रार केलीस तर दीपेश जाईल, तू काही आत जाणार नाहीस, आणि आपल्या कॉलेजातून पुन्हा कुणाला घेणार नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी निवडलं गेलंय. कॉलेजचं नाव आहे, प्रगती. मन मोठं ठेव." मी रडायचीच बाकी होते. पण मी म्हटलं, बरं.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी पाणी भरून घरी येते तर अंगणात मोटरसायकल, आणि ओट्यावर दीपेश, पुढ्यात चहा. बाजूला चिकूची पिशवी. माझी आई, बायजी, त्याच्याशी अशी बोलतेय जसा हा आमच्याकडेच वाढला, आणि कागदावर वाढलाच होता म्हणा. झालं असं होतं, की पुण्याला शिबिर घेणाऱ्या मॅडमना ते पान फार आवडलेलं. त्या निवडलेल्या मुलांचे छोटे व्हिडिओ करत होत्या, प्रत्येकाशी तो घरी असताना व्हिडिओ कॉलवर बोलायचं, घर बघायचं. आता दीपेश गोल जिना दाखवणार का? म्हणून त्याला आमचं घर हवं होतं. एका तासापुरतं.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मी हो सांगितलं. पोर एवढ्या लांबून आलंय." दीपेश म्हणाला, "मावशी, फक्त तेवढा वेळ तुम्हाला आई म्हणेन." आई म्हणाली, "म्हण की." माझी आई हो. मला विचारायचं तरी.

राहिले बाबा. ते तर वारलेले. आणि इथे समोर दोर वळत बसलेले. दीपेश मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही... काका." बाबांचं नाव काकड्या, अर्धं गाव त्यांना काकाच म्हणतं, ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय?" त्यांना छत्राचं कुणी सांगितलंच नाही. मी तरी कसं सांगू? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, बरं.

आमच्याकडे रेंज फक्त जांभळाखाली येते. तिथे गोधडी अंथरली, दीपेश बसला, शेजारी आई डोक्यावर पदर घेऊन, बाबा लांब कुंपणाशी काका होऊन उभे. मोबाईल कोणी धरायचा? मी. माझ्याच घराचं, माझ्याच आईचं शूटिंग मी करतेय, आणि मी कुठेच नाही.

मॅडम गोड होत्या हो. आईशी मराठीत बोलल्या, झाड कसलं विचारलं, मग म्हणाल्या, "दीपेश, ते चौरसाचं मला दाखव ना. तिथे दगड असतील."

दीपेशने दगड गोळा केले आणि तोंडाने सूत्र म्हणायला लागला. मॅडम म्हणाल्या, "सूत्र नको, ते पुस्तकात आहे. लहानपणी तुला दिसलं कसं, ते दाखव." त्याने एक ठेवला. त्याच्यापुढे ओळीत तीन ठेवले. त्याच्यापुढे ओळीत पाच. लांबच लांब रांग. चौरस होईना. त्याला घाम फुटला. त्याला गोष्ट पाठ होती, पण त्याला ते दिसलेलं नव्हतं ना कधी.

मला बघवेना. त्याची कीव आली म्हणून नाही, खोटं कशाला बोलू, दगडांची आली. किती सोपं आहे ते, आणि हा रांग लावतोय. माझ्या डाव्या हातात मोबाईल, आणि उजवा हात आपोआप पुढे गेला. एकाभोवती तीन, कोपरा धरून. त्याभोवती पाच. त्याभोवती सात. चौरस.

मॅडम स्क्रीनजवळ झुकल्या. मग म्हणाल्या, "हा हात कोणाचा?"

तुम्हाला सांगते, तेव्हा बोलायचं होतं मला. अगदी ओठावर होतं. मी आईकडे बघितलं, ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. बाबांकडे बघितलं, त्यांनी उन्हाला आडवा हात धरला होता आणि मला काय म्हणायचंय ह्याची वाट बघत उभे होते. आता सांगितलं, तर ते मेलेत हेही त्यांना तिथेच कळणार. मी थांबले. आणि दीपेश म्हणाला, "बहीण आहे, मॅडम. धाकटी."

धाकटी. मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठी आहे.

मॅडम म्हणाल्या, "हुशार आहे हं. तिला सांग, पुढच्या वर्षी अर्ज कर म्हणावं." मी मोबाईलच्या मागून म्हटलं, बरं.

दीपेश पुण्याला गेला. चौथ्या दिवशी त्याचा फोन. मी उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला, चार शब्द सुनावायला म्हणून. तो म्हणाला, "एक प्रश्न दिलाय. नऊ म्हणजे चार अधिक पाच, पंधरा म्हणजे सात अधिक आठ. असे लागोपाठच्या आकड्यांची बेरीज करून कुठले आकडे बनतात, आणि कुठले कधीच बनत नाहीत?" मी म्हटलं, तुला लाज वाटते का. आणि फोन ठेवला. आणि जांभळाखालीच बसले, दगड घेऊन. प्रश्न चांगला होता हो, मी तरी काय करू? तीन दिवस पायऱ्या रचल्या. दोन होत नाही, चार होत नाही, आठ होत नाही, सोळा होत नाही, तसेच पुढे दुपटीने जाणारे होत नाहीत. बाकी सगळे होतात. का होतात, तेही सापडलं. त्या आनंदात राग कुठे गेला कळलंच नाही, आणि मीच त्याला फोन लावला. मीच. त्याने ते तिथे सगळ्यांसमोर मांडलं, सर्टिफिकेट घेतलं, आणि शेवटी म्हणाला म्हणे, माझ्या बहिणीचे आभार, तिने धीर दिला.

आता ह्या वर्षीचा अर्ज आलाय. पुन्हा ते एक पान. मी म्हटलं, आता राणी नाही, आता खरं लिहायचं. तर खाली बारीक अक्षरात छापलंय, मजकूर स्वतःचा असावा, मागच्या वर्षीच्या कोणाही विद्यार्थ्याच्या मजकुराशी जुळलेला आढळल्यास अर्ज बाद. म्हणजे मी माझं मचाण लिहिलं, माझे सात दगड लिहिले, की मॅडम म्हणणार, हे तर दीपेशचं, बहिणीने भावाचं उतरवलं.

सरांकडे गेले. सरांनी खूप वेळ विचार केला. अगदी मनापासून केला हो, मला दिसत होतं. मग म्हणाले, "प्रगती, एक मार्ग आहे. तू दीपेशचं लिही. वाडी, बंगला, तो गोल जिना... ते अजून कोणीच वापरलेलं नाही."

तर आता हेच घेऊन बसलेय. तुमच्यापैकी कुणाची वाडी आहे का हो? जास्त काही नको, एवढंच सांगा, चिकूचं झाड लावल्यापासून किती वर्षांनी फळ धरतं?