कच्चे टाके

अर्लेटा : परवा बिजागरी वाकडी होती, काल कोयंडा आखूड पडला. आज काय निघालं, लुशस?

(बर्मिंगहॅम, अलाबामा. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारची सकाळ. लुशस पेटवेच्या घरामागच्या अंगणात घराबाहेरच्या एसी युनिटभोवती बसवायचा एक लोखंडी पिंजरा अर्धवट उभा आहे. शेजारीण अर्लेटा, वय पंचाहत्तरीच्या पुढे, सध्या त्याच्याच घरी पाहुणी, कॉफीचा कप हातात धरून त्याच्याकडे बघते आहे. मागच्या पोर्चवर पंख्यासमोर लुशसची म्हातारी आई मोझेल खुर्चीत बसली आहे.)

लुशस : आज वरची बाजू, मिस अर्लेटा. जाळी फार दाट झालीय. एसीचा पंखा गरम हवा वर फेकतो, तिला वाट नको का? कोंडली तर नवंकोरं युनिट महिन्याभरात मान टाकेल.

अर्लेटा : जाळी कुणी आणली?

लुशस : मीच.

अर्लेटा : पाइपच्या कारखान्यात तू किती वर्षं वेल्डिंग केलंस?

लुशस : तो बंद पडेपर्यंत.

अर्लेटा : आणि आता तुला जाळीची भोकं दिसेनात.

लुशस : वय होतं माणसाचं.

अर्लेटा : वयाच्या गप्पा माझ्यापुढे नकोत. तुझ्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा मी शिवलाय. तेव्हाही तू असाच हातपाय झाडून वेळ काढत होतास.

मोझेल : क्लिओ! अगं ए क्लिओ!

अर्लेटा : ओ! काय गं, मोझेल?

मोझेल : तो माणूस त्रास देतोय का तुला?

अर्लेटा : देतोय ना. रोज देतोय.

मोझेल : कानाखाली वाजव त्याच्या.

अर्लेटा : ऐकलंस? पोर्चवरून हुकूम सुटलाय.

लुशस : ऐकलं. तुम्ही अजूनही तिला सांगत नाही की तुम्ही क्लिओमावशी नाही म्हणून.

अर्लेटा : काय सांगू? मोझेल, तुझी बहीण क्लिओ शिकागोला गेली आणि तिकडेच वारली, हे? एकदा रडली की ती त्याच्यावर. रोज नव्यानं कशाला रडवायचं म्हातारीला? नाव कुठलं का असेना, हाक मायेनं मारते, मी ओ देते. माझं काय जातंय?

लुशस : तुमचं काही जात नाही, पण...

अर्लेटा : पण काय?

लुशस : काही नाही. कॉफी बरी झालीय का?

अर्लेटा : विषय बदलू नकोस. कॉफी छान आहे. तुझ्या घरात सगळंच छान आहे, तीच तर पंचाईत आहे माझी. गारवा आहे, मऊ पलंग आहे, सकाळी उठायच्या आत तू कप पुढ्यात ठेवतोस. पण पाहुणी म्हणून राहायचं म्हणजे दिवसभर कवळी घालून बसावं लागतं रे बाबा. माझ्या घरात मी परकरावर हिंडते. मशीनवर बसते, मशीनला शिव्या घालते. इथे कुणाला घालू?

लुशस : मला घाला की.

अर्लेटा : तुला घातल्या तर तू 'येस मॅम' म्हणतोस. मजा जाते त्यातली. बरं, ही जाळी काढून दुसरी कधी लावणार?

लुशस : बघतो. दुसरी आणावी लागेल. मग रंग. या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. शिवाय कुलपावर मला पत्र्याची टोपी बसवायचीय, म्हणजे चोराला कातरी आत घालता येणार नाही. त्याचं माप पुन्हा...

अर्लेटा : मेल्यांनी दोनदा नेलं माझं युनिट. आतल्या तांब्याच्या नळ्यांसाठी अख्खं धूड तोडून नेतात. गेल्या वर्षी नेलं तेव्हा मी म्हटलं, घेऊ दे, गरजू असेल कुणी. यंदा नेलं तेव्हा माझ्या तोंडून काय काय निघालं ते पास्टरला नको सांगूस.

लुशस : मी ऐकलं होतं. कुंपणावरून आलं ऐकू.

अर्लेटा : मग चर्चमधल्या बायांनी या उन्हात कढईसमोर उभं राहून मासे तळले, विकले, आणि मला नवं युनिट घेऊन दिलं. ते तुझ्या गॅरेजात खोक्यात पडलंय. एसीवाला म्हणतो, पिंजरा असेल तरच जोडतो, तिसऱ्यांदा हेच रडगाणं नको. म्हणजे सगळं येऊन अडलंय तुझ्या या जाळीपाशी.

लुशस : होईल, मिस अर्लेटा.

अर्लेटा : हे बघ, मी तुला घाई करणार नव्हते. फुकट राबणाऱ्या माणसाला घाई करू नये, एवढी रीत कळते मला. पण काल माझ्या वेंडेलचा फोन आला.

लुशस : अटलांटाहून? बरा आहे ना?

अर्लेटा : ठणठणीत आहे. उद्या येतोय. मोठी गाडी घेऊन.

लुशस : भेटायला?

अर्लेटा : न्यायला. म्हणतो, आई, दोनदा चोरी झाली, तीन आठवडे तू लोकांच्या घरी राहतेयस, शोभतं का आपल्याला? उद्या तुझं घर गार असलं तर राहा. नसलं तर बॅग भर, घर आपण विकायला काढू. मी म्हटलं, बरं.

लुशस : बरं म्हणालात?

अर्लेटा : मग काय म्हणू? मुलगा आहे, काळजीपोटी बोलतोय. खोली तयार ठेवलीय त्यानं, पंधराव्या मजल्यावर. तिथलं युनिट चोरायचं तर चोराला पंख फुटायला हवेत.

लुशस : अटलांटा.

अर्लेटा : मोठं गाव आहे. माझ्या मशीनसाठी तिथे जागा नाही म्हणे. हल्ली तयार कपडे स्वस्त मिळतात, आई, असं सांगत होता.

लुशस : थांबा. बॅग नका भरू. एसीवाल्याला फोन लावा, म्हणावं दुपारी ये. मी दोन तासांत उभा करतो हा.

अर्लेटा : किती?

लुशस : दोन तास. फार तर थोडं वर. वेल्डिंगचे टाके पक्के करायचे, दार लटकवायचं, तुमच्या अंगणात नेऊन सिमेंटमध्ये बोल्ट मारायचे. झालं.

अर्लेटा : आणि ती वरची जाळी?

लुशस : जाळी... जाळी ठीकच आहे.

अर्लेटा : असं! मंगळवारी तू म्हणालास, अजून आठवडा लागेल. आज म्हणतोस दोन तास. तुझा आठवडा धुतल्यावर आटला वाटतं.

लुशस : तसं नाही, मिस अर्लेटा.

अर्लेटा : तो काळा चष्मा काढ. इकडे बघून बोल.

लुशस : उन्हामुळे...

अर्लेटा : काढ म्हणते ना. हं. आता ऐक. मी जन्मभर टाके घातलेत. कच्चा टाका कुठला, पक्का कुठला, मला रस्त्यापलीकडून कळतं. कापडाचा काय, लोखंडाचा काय. तुझ्या पिंजऱ्याला चारही कोपऱ्यांत नुसते कच्चे टाके आहेत, तेसुद्धा उसवून पुन्हा घातलेले. ही बघ घासल्याची चमक. बुधवारी मी प्रार्थनेला गेले तेव्हा दार जागेवर होतं. परत आले तर गवतात आडवं.

लुशस : तुम्ही पाहिलं होतंत?

अर्लेटा : डोळे अजून शाबूत आहेत माझे. आवडतं गिऱ्हाईक असलं की मीसुद्धा फिटिंगला एक चक्कर जास्त मारायला लावायची. पण तुझं मला कोडंच पडलं. गिऱ्हाईक तुझ्याच घरात राहतंय, तुझंच खातंय, तुझ्याच अंथरुणात झोपतंय. त्याला आणखी कशाला अडवायचं?

लुशस : मीही चोरच निघालो म्हणा. त्यांनी युनिट नेलं, मी तुमचे दिवस खाल्ले.

अर्लेटा : का, ते बोल.

लुशस : आईसाठी.

अर्लेटा : तिचं काय?

लुशस : तुम्ही यायच्या आधी ती धड जेवत नव्हती. ताट पुढे केलं की तोंड फिरवायची. मला 'मिस्टर' म्हणायची. मिस्टर, तुम्ही कुणाकडे आलात? रोज. मी सांगायचो, आई, मी लुशस. ती मान हलवायची, परक्या माणसाचं मन राखायला हलवतात ना, तशी. मग तुम्ही आलात आणि तिच्यासमोर चवळीच्या शेंगा सोलत बसलात. तीही सोलायला लागली. कधी काय आठवलं कुणास ठाऊक, संध्याकाळी मला ऐकू आलं, ती तुम्हाला विचारत होती, लुशस जेवला का गं?

अर्लेटा : हो. विचारलं होतं.

लुशस : माझं नाव घेतलं, मिस अर्लेटा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. पन्नाशी उलटलेला माणूस. वाटलं, तुम्ही गेलात की हेही जाईल. म्हणून रोज एखादा टाका उसवत होतो. आजचा दिवस मिळाला, उद्याचं उद्या बघू. तुमचं घर अडवून ठेवायचा मला काय हक्क? कळत होतं मला. तरी करत होतो. माफ करा.

अर्लेटा : झालं बोलून?

लुशस : झालं.

अर्लेटा : मग आता माझं ऐक. युनिट नेलं त्या दुपारी मी स्वयंपाकघरात खाली बसले होते. फ्रीजचं दार उघडं टाकून, डोकं आत घालून. उठायचं बळ नव्हतं आणि कुणाला हाक मारायची लाज वाटत होती. या वयात, चर्चच्या बायांना शिस्त लावणारी मी, आणि ही अवस्था! तू मागच्या दारानं आत आलास. एक प्रश्न विचारला नाहीस. माझी चप्पल शोधलीस, खाली बसून माझ्या पायात घातलीस आणि म्हणालास, मिस अर्लेटा, आईला सोबत हवीय, याल का?

लुशस : खरंच हवी होती.

अर्लेटा : ते मला कुठे ठाऊक? मला वाटलं, पोरगा माझी लाज झाकतोय. मला मदत हवीय हे माझ्या तोंडून तू येऊच दिलं नाहीस. त्याचे आभार कसे मानायचे तेच कळेना मला. म्हणून रोज उठून मक्याचा पाव भाजत होते.

लुशस : मला वाटलं, तुम्हाला इथे करमत नाही म्हणून हाताला काम लावून घेता.

अर्लेटा : गाढवा.

लुशस : येस मॅम.

अर्लेटा : बघ, पुन्हा मजा घालवलीस. आता सरळ सांगते. मला माझं घर हवंय. लोकांचे झगे शिवून शिवून उभं केलंय ते मी. अटलांटाला मला जायचं नाही. पण अटलांटा पडलं दुसऱ्या राज्यात. माझं घर आहे या कुंपणापलीकडे. तिथून माणूस चालत येतं रे. तू एवढी लोखंडाची उस्तवार केलीस, त्यापेक्षा तोंड उघडून विचारायचंस, मिस अर्लेटा, घरी गेल्यावरही रोज याल का?

लुशस : रोज याल का?

अर्लेटा : आधी पक्के टाके घाल. मग बोलू.

लुशस : तोंड फिरवा तिकडे. ठिणग्यांकडे बघू नका.

मोझेल : लुशस! टोपी घाल डोक्यात, ऊन लागेल!

अर्लेटा : ऐकलंस? नळ सोडायला जाऊ नकोस आता. टोपी घाल आणि काम कर. मी एसीवाल्याला फोन लावते. आणि वेंडेलला सांगते, ये तू उद्या, पण रिकामी गाडी घेऊन परत जायच्या तयारीनं ये. जेवून जा म्हणावं.

लुशस : हा कोपरा झाला. हाही झाला. धरा जरा दार. असं. आता हलवून बघा, मिस अर्लेटा. जोर लावून.

अर्लेटा : हत्ती बांधला तरी हलायचा नाही.

लुशस : टाके?

अर्लेटा : पक्के. सुबक आहेत रे. हे असे हात असताना त्यांच्याकडून गबाळं काम करून घेत होतास, त्या हातांची तरी माफी माग. काय झालं? असा उभा का राहिलास?

लुशस : आईला कुणी सांगायचं?

अर्लेटा : मी सांगते. मोझेल, इकडे बघ गं. मी आज रात्री इथे झोपणार नाही. घरी जातेय.

मोझेल : शिकागोला?

अर्लेटा : नाही गं बाई. शिकागोला कशाला? ते काय, कुंपणापलीकडचं पिवळं घर.

मोझेल : ते तर अर्लेटाचं आहे.

अर्लेटा : हो.

मोझेल : तू ओळखतेस तिला?

अर्लेटा : थोडंफार.

मोझेल : तोंडाळ आहे. पण आतून सोनं. आमचे हे गेले ना, तेव्हा माझा काळा झगा तिनंच शिवला. मी मापही दिलं नव्हतं. नुसतं माझ्याकडे बघून शिवला आणि सकाळी घरी आणून दिला. कबरीपाशी उभं राहायचं होतं, क्लिओ. त्या झग्यानंच मला उभं धरलं होतं.

अर्लेटा : मला ठाऊक नव्हतं हे.

मोझेल : तुला कसं असेल? तू शिकागोला होतीस. तिचे आभार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले बघ. तेव्हा रडण्यात राहिलं, मग विसरले. आता तू तिकडे जातेच आहेस, तर सांगशील तिला?

अर्लेटा : सांगते.

मोझेल : उभ्या उभ्या नको. बसून, नीट सांग.

अर्लेटा : बसून सांगते.

मोझेल : आणि ती काय म्हणाली ते संध्याकाळी मला येऊन सांग.

अर्लेटा : येते, मोझेल. तिलाही घेऊन येते.