समुद्राला ताप

बर्फाच्या कारखान्यापुढे, रांगेत माझ्या पुढे एक नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वन्सं, कुठेतरी पाणी मुरतंय. तुमचे बंधुराज मासे परस्पर दुसऱ्या धक्क्यावर उतरवतात."

"दादा? काहीतरीच काय, वहिनी!"

"मग रोज जाळं रिकामं कसं? विचारलं की म्हणतात, समुद्र तापलाय. म्हटलं, मग गोळी द्या त्याला!"

"अहो, वरचं पाणी तापलं की तळाचं गार पाणी वर येत नाही. माशांचं खाणं त्याच्याबरोबरच वर येतं."

"तुम्हालाही पढवून ठेवलंय वाटतं! पाणी इतकं नितळ झालंय की तळाचा खडा दिसतो. आजारी पाणी असं असतं?"

"रिकामं पातेलंही लख्खच दिसतं, वहिनी."

"घ्या, भावाचीच बाजू घ्या."

"बरं, एक सांगा. थंडीत समुद्राच्या पाण्यात माशांच्या पेट्या धुतल्या की तुमची बोटं बधिर व्हायची. मग पेट्यांच्या दोरीच्या गाठी मला सोडायला लावायचात. यंदा एकदा तरी हाक मारलीत?"

रांग पुढे सरकली. भावजय जागीच उभी होती, स्वतःची बोटं चोळत.

"नाही हो. यंदा सगळ्या मीच सोडल्या."