हळदीच्या दिवशी काढलेली दाढ

पनवेलच्या दातांच्या दवाखान्यात शरीफा नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी लग्नात धवले गाणारी गोदू नुकतीच दाढ काढून आली होती आणि सुनेला, दिपिकाला, बसू देत नव्हती.

“माजा ओट कुठं गेला गं?”

“जागेवरच हाय, आई. इंजेक्शननं बधिर झालाय. दोन-तीन तासांत येईल.”

“नाय आला तर? सांजच्याला सुकापूरला हलद हाय. धवले कोन गाईल, तू?”

“मग आजच दाढ कशाला काढलीत?”

“ठनका घेऊन गाऊ? थांब, म्हनून बगते.”

गोदूनं डोळे मिटून धवला धरला. शब्द ओठांतून निसटत राहिले. दुसरी ओळ तिनं जोर लावून म्हटली.

“मावशी, थांबा!” शरीफा उठलीच. “ओठ चावलात तुम्ही. रक्त येतंय.”

“कुठं?”